फिजी, ओपनरिफाइन, झोटेरो: काही महिने रोज वापरल्यानंतर

प्रयोगशाळेत रोज लागणाऱ्या टूल्सपैकी सुरुवात फिजी या फोटोंवरून मोजमाप करण्याच्या सॉफ्टवेअरपासून करते, कारण दिवसभरात सगळ्यात जास्त वेळ तेच उघडं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली काढलेल्या फोटोंमधल्या पेशी मोजणं, त्यांचं क्षेत्रफळ काढणं, जेलवरच्या बँडची (डीएनए किंवा प्रथिनं वेगळी केल्यावर दिसणाऱ्या पट्ट्यांची) तीव्रता बघणं ही माझी नेहमीची कामं. कॅमेऱ्यासोबत येणारं सॉफ्टवेअरही हे सगळं करतं, पण ते बहुधा एकाच संगणकावर चालतं आणि त्या संगणकासाठी नंबर लावावा लागतो. फिजी फुकट आहे. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, आणि इन्स्टॉल करण्याची भानगड नाही. फोल्डर उतरवून घ्यायचा आणि उघडायचं.

त्याचा गाभा म्हणजे इमेजजे. वेन रॅसबँड यांनी अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये १९८७ साली मॅकसाठी एनआयएच इमेज केलं आणि पुढे १९९७ मध्ये कुठल्याही संगणकावर चालावं म्हणून जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत इमेजजे आणलं. फिजी म्हणजे तेच इमेजजे, फक्त जीवशास्त्रातल्या कामाला लागणारे ढीगभर प्लगइन्स (जोड-प्रोग्रॅम) आधीच घातलेलं. दिसायला अजूनही जुन्या वळणाचं आहे: एक बारीक पट्टी, आणि प्रत्येक फोटोची वेगळी खिडकी. नव्या माणसाला सुरुवातीला फार अवघडल्यासारखं होतं. तरीही मी ते सोडणार नाही, कारण त्यात मॅक्रो रेकॉर्डर आहे.

रेकॉर्डर चालू ठेवला की आपण मेनूमधून जे जे करतो त्याची ओळ त्या खिडकीत उमटत जाते. कोणता फिल्टर लावला, थ्रेशोल्ड (कोणते ठिपके पेशी म्हणून धरायचे ती उजेडाची सीमा) किती ठेवला, किती आकाराखालचे कण वगळले, सगळं. काम संपल्यावर तो मजकूर सेव्ह करून फोटोंच्याच फोल्डरमध्ये ठेवते. पुढच्या बॅचला तोच मॅक्रो चालवला की तीच मोजणी त्याच नियमांनी होते, आणि कुणी विचारलं ‘हा आकडा कसा आला’, तर आठवणीवर विसंबावं लागत नाही. प्रयोगशाळेत वापरायच्या कुठल्याही टूलकडे आता मी याच नजरेने बघते: त्याने काय केलं याचा माग मागे राहतो का, आणि उद्या ते बंद पडलं तर माझं काम माझ्या हातात उरतं का. चकचकीत दिसणारी बरीच टूल्स या दोन प्रश्नांवरच बाद झाली.

फिजी वापरणाऱ्यांनी काही गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून बघाव्यात. फोटोतल्या पिक्सेलचं प्रत्यक्षातलं माप सांगायच्या ‘सेट स्केल’मध्ये ‘ग्लोबल’ अशी एक खूण आहे. ती केली की तेच माप उघडलेल्या सगळ्या फोटोंना लागतं. सगळे फोटो एकाच लेन्सने काढलेले असतील तर सोय, दहापटीचे आणि चाळीसपटीचे एकत्र असतील तर मोजणीच चुकते. आणि ती चुकली हे पडद्यावर कुठेच दिसत नाही, आकडे अगदी शहाण्यासारखे दिसतात. दुसरी गोष्ट १६ बिटचा फोटो ८ बिटमध्ये बदलण्याची. उजेडाच्या ६५,५३६ पातळ्या २५६ मध्ये बसवताना फिजी त्या क्षणी ब्राइटनेस-कॉन्ट्रास्टच्या खिडकीत जी कमाल-किमान मर्यादा असेल तीच धरतं. म्हणजे डोळ्यांना बरं दिसावं म्हणून सरकवलेली पट्टी थेट आकड्यांत उतरते. तीव्रता मोजायची असेल तर मूळ फाइलवरच मोजावी. अन‍्डू फक्त एकाच पायरीचं आहे, त्यामुळे काम नेहमी डुप्लिकेटवर करावं. आणि जेपेगवर मोजणी करू नये. त्या प्रकारात फाइलचा आकार लहान करताना माहिती गाळली जाते, कडांभोवती नसलेले ठिपके तयार होतात, आणि फिजी तेही इमानेइतबारे मोजतं. मूळ फोटो टिफमध्ये किंवा सूक्ष्मदर्शकाच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्येच ठेवावेत.

थ्रेशोल्डबद्दल आमच्याकडे बराच वाद झाला. डोळ्यांनी ठरवलेला थ्रेशोल्ड माणसागणिक बदलतो, म्हणून आपोआप ठरवणाऱ्या पद्धती आहेत. ओत्सू या संशोधकांची १९७९ सालची पद्धत त्यातली सर्वांत परिचित. ‘ऑटो थ्रेशोल्ड’मध्ये ‘ट्राय ऑल’ निवडलं की सगळ्या पद्धतींचे निकाल एकाच तक्त्यात शेजारी-शेजारी दिसतात. माझं मत असं, की पद्धत थोड्या नमुना फोटोंवर आधी ठरवावी, लिहून ठेवावी आणि मग सगळ्या संचाला तीच लावावी. प्रत्येक फोटोसाठी ‘सगळ्यात छान दिसणारी’ पद्धत निवडणं म्हणजे हवा तो निकाल निवडणं. एकमेकींना चिकटलेल्या पेशी सुट्या करायला ‘वॉटरशेड’ आहे. गोलसर पेशींना ते उत्तम, लांबट पेशींचे मात्र विनाकारण तुकडे करतं. अशा ठिकाणी मी अजून हाताने मोजते आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही.

आता तक्त्यांकडे. एक्सेल जनुकांच्या नावांचं काय करतं हे या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे. सेप्ट-२ किंवा मार्च-१ लिहिलं की त्याची तारीख होते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचव्या हिश्शात असे घोटाळे सापडले. शेवटी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनेच सेप्टचं सेप्टिन आणि मार्चचं मार्च-एफ करून टाकलं, आणि ते २०२० मध्ये जाहीर केलं. २०२३ मध्ये एक्सेलमध्ये हा आपोआप बदल बंद करण्याची सोय आली. पण जुन्या फाइली जशाच्या तशा फिरत आहेत, आणि ‘००४७’ अशा सॅम्पल क्रमांकातली पुढची शून्यं आजही उडतात.

म्हणून बाहेरून आलेला कुठलाही तक्ता मी आधी ओपनरिफाइन या तक्ते साफ करायच्या प्रोग्रॅममध्ये उघडते. हे २०१० मध्ये फ्रीबेस ग्रिडवर्क्स या नावाने सुरू झालं, मग गूगल रिफाइन झालं आणि २०१२ पासून वापरणाऱ्यांच्या समुदायाकडे आलं. ते ब्राउझरमध्ये उघडतं, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं माहिती कुठेतरी बाहेर चालली. तसं नाही, सगळं आपल्याच संगणकावर चालतं. रुग्णांच्या नमुन्यांशी संबंधित माहिती हाताळणाऱ्यांसाठी हे फार महत्त्वाचं आहे. आपण सांगितल्याशिवाय ते आकड्याची तारीख करत नाही. एकच रसायन चार जणांनी चार प्रकारे लिहिलेलं असतं: कुठे मोठी अक्षरं, कुठे जास्तीची मोकळी जागा, कुठे शब्द उलटसुलट. ‘क्लस्टर’ केलं की ही सगळी रूपं एकत्र समोर येतात आणि कोणतं ठेवायचं ते आपण ठरवतो. प्रत्येक पायरीची नोंद बाजूला राहते. ती जेसन (साध्या मजकुराचा एक फॉरमॅट) म्हणून काढून घेतली की पुढच्या महिन्याच्या तक्त्याला तीच साफसफाई पुन्हा लावता येते. मूळ फाइलला ते हात लावत नाही. रेकॉर्डरमुळे फिजी आवडलं, याच कारणासाठी हेही. आलेख काढायला किंवा हिशेब करायला मात्र याचा उपयोग नाही, ती अपेक्षाच ठेवू नये.

वेबप्लॉटडिजिटायझरबद्दल थोडक्यात. जुन्या शोधनिबंधातल्या छापील आलेखावरून आकडे परत मिळवायचे असतील तर यासारखं दुसरं नाही. अंकित रोहतगी यांनी २०१० पासून ते घडवलं आहे. प्रत्येक अक्षावरचे दोन ओळखीचे बिंदू दाखवून द्यायचे, अक्ष लॉग प्रमाणातला असेल तर तसं सांगायचं, मग बिंदू टिपायचे. मिळणारा आकडा चित्राच्या रेझोल्यूशनइतकाच नेमका असतो, तेव्हा दशांशानंतरची लांबलचक शेपटी पुढे वापरू नये.

वाचनाच्या बाजूला झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या टूलने माझी पद्धतच बदलली. २००६ मध्ये जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या एका केंद्राने ते फायरफॉक्सचं एक्स्टेन्शन म्हणून आणलं, आता ते स्वतंत्र प्रोग्रॅम आहे. ब्राउझरमधलं बटण दाबलं की लेखक, वर्ष, नियतकालिक, डीओआय (निबंधाचा कायमचा ओळख-क्रमांक) आणि मिळत असेल तर पीडीएफ, सगळं एकदम येतं. २०२२ च्या आवृत्ती ६ पासून पीडीएफ आतच वाचता येते, आणि रंगवलेल्या ओळी पानाच्या क्रमांकासह नोंदवहीत ओढता येतात. २०२४ च्या आवृत्ती ७ मध्ये साठवलेल्या वेबपानांवरही अशा खुणा करता येऊ लागल्या. पण मला सगळ्यात मोलाची वाटते ती एक लाल पट्टी. आपल्या संग्रहातला एखादा शोधनिबंध मागे घेतला गेला, तर मागे घेतलेल्या निबंधांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचच्या यादीवरून झोटेरो तसं दाखवतं, आणि तो संदर्भ मजकुरात घालायला गेलात तर पुन्हा सावध करतं. अशी सूचना हाताने शोधायला कोण रोज बसणार आहे?

फायलींसाठी फुकट जागा ३०० एमबीच मिळते. पीडीएफ साठवल्या तर ती बघता बघता भरते. नोंदींचं सिंक मात्र त्या मर्यादेत धरत नाहीत, आणि वेबडॅव्ह (दुसऱ्या सर्व्हरवर फायली ठेवण्याची एक पद्धत) वापरून वैयक्तिक संग्रहाच्या फायली दुसरीकडे ठेवता येतात. साठवणीच्या फोल्डरांची नावं अक्षरं-आकड्यांची निरर्थक जुळणी असते, त्यामुळे झोटेरो न उघडता फाइल शोधणं त्रासाचं आहे. संपूर्ण संग्रह बिबटेक किंवा आरआयएस या संदर्भांच्या सर्वमान्य फॉरमॅटमध्ये बाहेर काढता येतो, म्हणून मी ते चालवून घेते. आणखी एक: डीओआय नसलेली जुनी, स्कॅन केलेली पीडीएफ टाकली तर माहिती आपोआप भरेल याची खात्री नाही, ती हाताने तपासावीच लागते.

झोटेरोशेजारी अनपेवॉल हे ब्राउझरचं एक्स्टेन्शन ठेवते. पैसे मागणाऱ्या पानावर उजवीकडे हिरवं कुलूप दिसलं, की त्याच निबंधाची कायदेशीर मोफत प्रत कुठेतरी आहे असं समजायचं. ती पुष्कळदा लेखकाने संस्थेच्या भांडारात ठेवलेली, मांडणीपूर्वीची प्रत असते. मजकूर तपासून मान्य झालेला असतो, पण पानांचे क्रमांक जुळत नाहीत. उद्धृत करताना हे ध्यानात ठेवावं. आणि दुसरं एक्स्टेन्शन सिंगलफाइल: उघडं पान चित्रांसकट एकाच एचटीएमएल फाइलमध्ये उतरवून देतं. रसायनांच्या सुरक्षापत्रकांची आणि उपकरणांच्या सूचनांची पानं उत्पादक न सांगता बदलतात. प्रयोगाच्या दिवशी पान काय सांगत होतं ते हाताशी असावं म्हणून मी ते तेव्हाच उतरवून प्रयोगाच्या नोंदीला जोडते.

बाकीची एक्स्टेन्शन्स मी एकेक करून काढली. पीडीएफ जोडणारी, स्क्रीनशॉट घेणारी, शब्दार्थ दाखवणारी. ‘सर्व वेबसाइटवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी त्यांतली बहुतेक मागतात, आणि एखादं छोटं एक्स्टेन्शन दुसऱ्याला विकलं गेलं तर नव्या मालकाला ती परवानगी आयतीच मिळते. जाहिराती अडवायला रेमंड हिल यांचं यूब्लॉक ओरिजिन फायरफॉक्सवर ठेवलं आहे. क्रोमच्या नव्या नियमांनंतर तिथे त्याची फक्त लाइट आवृत्ती चालते, आणि ती तितकी ताकदीची नाही.

सामायिक संगणकावर मी प्रयोगशाळेसाठी वेगळं ब्राउझर प्रोफाइल केलं आहे. त्यात झोटेरोचं बटण, अनपेवॉल, सिंगलफाइल आणि यूब्लॉक, एवढंच. नवीन काही घालायचं असेल तर आधी आपल्या संगणकावर काही आठवडे वापरून बघायचं आणि मग सगळ्यांना विचारून तिथे टाकायचं, असं आम्ही ठरवलं आहे.