एलएलपी नोंदणी आणि भागीदारी करार : पुण्यातील एका सीएस कार्यालयाच्या सेवेविषयी

मसाला उत्पादनासाठी मी, माझा थोरला भाऊ आणि आमची आत्या अशा तिघांनी मिळून मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी (भागीदारांची जबाबदारी मर्यादित ठेवणारी भागीदारी संस्था), स्थापन केली आणि त्यासाठी पुण्यातील एका कंपनी सेक्रेटरीच्या, म्हणजे कंपनी कायद्याची कामे पाहणाऱ्या सीएसच्या, कार्यालयाची सेवा घेतली. नाव राखून ठेवणे, डिजिटल सह्या काढणे आणि केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज भरणे ही कामे तेथे वेळेत झाली. एवढे काम बहुतेक सगळेच करून देतात. या कार्यालयाकडे जावे ते करारनाम्यासाठी.

इतर काही ठिकाणी तयार नमुन्यात नावे घालून देण्याची तयारी दाखवली गेली होती. येथे मात्र मसुदा लिहिण्यापूर्वी आम्हा प्रत्येकाशी वेगळे आणि नंतर तिघांशी एकत्र बोलणे झाले. पैसा कोणाचा, जागा कोणाची, रोजचा कारभार कोण पाहणार आणि उद्या कोणी बाहेर पडले तर त्याच्या हिश्श्याची किंमत कशी ठरवायची, असे अवघड प्रश्न त्यांनी न संकोचता विचारले. याची गरज मला पुढे पटली. 2008 च्या एलएलपी कायद्यानुसार ज्या बाबतीत करार मौन पाळतो तेथे त्या कायद्याला जोडलेली पहिली अनुसूची लागू होते, आणि तिच्यात भांडवल, नफा व तोटा सर्वांना सारखा, प्रत्येकाला एक मत आणि कारभार पाहण्याबद्दल कोणालाही मोबदला नाही, अशी तरतूद आहे. आमच्याकडे बहुतेक पैसा भावाचा, शेड आत्याची आणि पूर्णवेळ राबणारी मी. तेव्हा समान वाटणी तिघांपैकी कोणालाच न्याय्य वाटली नसती. माझ्या मोबदल्याचे कलमही त्यांनी आठवणीने घातले, कारण करारात तरतूद नसेल तर त्या रकमेची एलएलपीला प्राप्तिकरात वजावट मिळत नाही.

मालकी आणि पद या दोन गोष्टी त्यांनी फार स्पष्टपणे वेगळ्या करून दाखवल्या. प्रत्येक एलएलपीत किमान दोन नियुक्त भागीदार, म्हणजे कायद्याची पूर्तता पाहणारे भागीदार, लागतात आणि त्यांतील एक तरी भारतात निवासी असावा लागतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी आर्थिक वर्षात 120 दिवसांचे वास्तव्य पुरते. भाऊ दुबईत असतो. सर्वाधिक पैसा त्याचा म्हणून पदही त्यालाच द्यावे, असा घरातील आग्रह होता. परंतु कायद्याच्या पूर्ततेची आणि ती चुकल्यास होणाऱ्या दंडाची जबाबदारी नियुक्त भागीदारांवर येते, आणि साधा भागीदार राहिल्याने हिस्सा तसूभरही कमी होत नाही, हे समजल्यावर भावाने स्वतःच आत्याचे आणि माझे नाव सुचवले. नफ्यातील हक्क दुसऱ्याच्या नावे करता येतो, पण तेवढ्याने त्या व्यक्तीला कारभारात भाग घेण्याचा अधिकार मिळत नाही, हा एलएलपी कायद्याच्या कलम 42 चा मुद्दाही त्यांनी वारसांचे उदाहरण देऊन समजावला. घरच्या घरी भागीदारी करणाऱ्यांनी हा भाग अवश्य समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

दोन उणिवा मात्र सांगितल्या पाहिजेत. पहिल्या अंदाजपत्रकात करारनाम्याच्या मुद्रांक शुल्काचा उल्लेख नव्हता आणि दरवर्षी भरायच्या फॉर्म 11 (वार्षिक विवरणपत्र) व फॉर्म 8 (हिशेबाचे विवरण) यांचे शुल्कही विचारल्यावरच कळले. दुसरी उणीव मला अधिक खटकली. करारनामा केवळ इंग्रजीत मिळाला. त्यांनी प्रत्येक कलम मराठीत तोंडी समजावले हे खरे, परंतु आत्यासारख्या भागीदाराला, जिची शेड या व्यवसायाचा आधार आहे आणि जी नियुक्त भागीदारही आहे, आपले हक्क हवे तेव्हा स्वतः वाचून पाहता आले पाहिजेत. आम्ही मराठी गोषवारा लेखी मागितला तेव्हा त्यांनी तो वेगळे पैसे न घेता करून दिला. तो मसुद्याबरोबरच देण्याची पद्धत त्यांनी पाडावी. जे तेथे जातील त्यांनी तोवर पहिल्याच भेटीत तो मागून घ्यावा आणि सर्व शुल्कांची यादीही लेखी घ्यावी.