नेपथ्य-प्रकाशयोजना शिकलात, आता बडोद्यात काम कुठलं धराल?

सयाजीराव विद्यापीठातून नेपथ्य किंवा प्रकाशयोजना शिकून बाहेर पडलेल्या मुलांच्या घरी एकच विषय असतो: नाटकं काही रोज होत नाहीत, मग पोट कशावर भरणार? काळजी रास्त आहे. गांधी नगरगृहात मराठी नाटक लागतं ते अधूनमधून, आणि दौऱ्यावरची मंडळी सेट आणि लाइटवाला बहुधा सोबतच आणतात. पण रंगमंचाबाहेर हेच शिक्षण लागणारी कामं आहेत. ती एकमेकांसमोर ठेवून बघू.

सगळ्यात सहज दार उघडतं ते इव्हेंटचं. बडोद्याचा गरबा म्हणजे नऊ रात्रींचा प्रचंड प्रयोग. लाइट बोर्ड, ट्रस (दिवे टांगायचा लोखंडी सांगाडा), क्यू (दिवे बदलायची ठरलेली वेळ), सगळं ओळखीचं. फक्त आवाका वाढतो: डीएमएक्स म्हणजे बोर्डावरून दिव्यांना हुकूम पाठवायची पद्धत; तिच्या एका युनिव्हर्समध्ये, म्हणजे एका गटात, 512 चॅनल, आणि एक मूव्हिंग हेड (फिरणारा दिवा) वीसेक चॅनल खातो, म्हणजे पंचवीस दिवे झाले की दुसरं युनिव्हर्स घ्यावं लागतं. पैसा लवकर हाती येतो, पण नवरात्र आणि लग्नसराई सोडली की महिने कोरडे जातात. एक अट मात्र घाला. जिथे प्रत्येक दिव्याला वेगळी सेफ्टी वायर बांधत नाहीत आणि ट्रसला अर्थिंग नसतं, तिथे काम करू नका. खाली हजारो माणसं नाचत असतात.

इमारतींची प्रकाशयोजना याच्या अगदी उलट. महिन्याचा पगार, दिवसाचं काम, टाळ्या नाहीत. आर्किटेक्टचा शब्द शेवटचा. डायलक्स हे उजेडाचा हिशेब करणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते शिका. इमारतीतले दिवे नियंत्रित करणारी डाली यंत्रणा समजून घ्या, तिच्या एका लाइनवर 64 पत्ते बसतात. ऑफिसच्या टेबलावर 300 ते 500 लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) हवेत, हा हिशेब कुणीही करतो. भिंत अंधारी राहिली की खोली उदास वाटते आणि डोक्यावरच्या दिव्याने डोळ्यांखाली सावल्या पडतात, हे नाटकातल्या मुलाला आधी दिसतं. घरी नियमित पैसे द्यावे लागत असतील, तर हेच धरा.

संग्रहालय आणि प्रदर्शनाचं काम मला या सगळ्यांत श्रीमंत वाटतं. सयाजीबागेतलं म्युझियम 1894 पासून आहे, राजवाड्याच्या आवारात फत्तेसिंह म्युझियममध्ये रविवर्म्याची चित्रं आहेत. तिथे सावकाश फिरा आणि दिवे बघा. रंगमंचावर उजेड कमी पडला की आपण डिमर (उजेड कमी-जास्त करायची कळ) वर ढकलतो. इथे जुन्या शालूवर किंवा जलरंगाच्या चित्रावर 50 लक्सच्या वर जायचं नाही, तैलचित्राला साधारण 200 पर्यंत चालतं. प्रकाशाने झालेली हानी साठत जाते: 100 लक्स पाच तास आणि 50 लक्स दहा तास, कापडाला दोन्ही सारखंच. मग इतक्या कमी उजेडात शालूची जर चमकताना कशी दिसणार? आजूबाजूचा उजेड उतरवून आणि प्रेक्षकाला अंधाऱ्या वाटेने आणून. हे तर आपण ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे रंगमंचावर पूर्ण अंधार करताना, कायमच करतो! चित्रावर दिवा उभ्या रेषेपासून साधारण 30 अंशांत ठेवला की वार्निशची चमक डोळ्यांत येत नाही. अडचण अशी की बडोद्यात अशा जागा मोजक्या. कामं मुख्यतः अहमदाबाद-मुंबईच्या संस्थांकडून, टेंडरमधून येतात आणि बिलं उशिरा निघतात.

मालिका-सिनेमाच्या कला विभागात फ्लॅट (सेटच्या खोट्या भिंती), रंग, खोटा दगड, सगळं कामी येतं. पण घर सोडून मुंबईत राहायची आणि बारा तासांच्या शिफ्टची तयारी हवी.

काहीच ठरत नसेल, तर माझं मत सांगते: एक नवरात्र चांगल्या रिगरच्या, म्हणजे ट्रस आणि दिवे टांगणाऱ्याच्या, हाताखाली काढा. वजन, केबल, वीज यांची समज पुढे म्युझियममध्येही लागते. ‘गो’ हा क्यूचा इशारा देताच सगळं मैदान उजळतं त्या क्षणासाठी जीव तुटत असेल, तर तिथेच रहा. लक्स मीटर घेऊन एकच कोपरा परत परत तपासण्यात रमत असाल, तर प्रदर्शनाकडे वळा.

पोर्टफोलिओत नुसते प्रयोगाचे फोटो नकोत. ग्राउंड प्लॅन (सेटचा वरून काढलेला नकाशा), लाइट प्लॉट (दिव्यांच्या जागांचा नकाशा), क्यू शीट (क्यूंची यादी), 1:25 च्या मॉडेलचा फोटो आणि खर्चाचा तक्ता एकाच नाटकाचे, एकापाठोपाठ लावा. गटात काम केलं असेल, तर त्यातलं तुमचं कुठलं, ते प्रत्येक पानावर लिहा.