उघडं स्वयंपाकघर आणि घरचा सिनेमा : स्वतःच्या फ्लॅटमधल्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या फ्लॅटमध्ये ओटा आणि सोफा यांच्यामध्ये भिंत नाही. घरी रांधणं आणि रात्री पिक्चर बघणं या आमच्या दोन मोठ्या आवडी, आणि दोन्ही एकाच खोलीत चालतात. ताबा मिळाल्यावर इंडक्शन शेगडी, चिमणी, मोठा टीव्ही, साउंडबार (टीव्हीखालचा लांबट स्पीकर) आणि त्याचा सबवूफर (खालचे, घुमणारे सूर काढणारा वेगळा स्पीकर) अशी खरेदी झाली. हे सगळं रोज वापरून बरेच महिने झाले आहेत. मॉडेलची नावं देत नाही, ती सतत बदलत राहतात. फ्लॅटमध्ये खरा प्रश्न आवाज कुठे जातो आणि हवा कुठे जाते हा असतो. प्रत्येक वस्तू घेताना आधी हे दोन बघावेत आणि दिखाऊपणा नंतर, असं माझं ठाम मत झालं आहे.

आवाजापासून सुरुवात करते, कारण त्यात शेजारीही येतात.

सबवूफर जोडला त्याच आठवड्यात मी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे गेले आणि म्हटलं, "काकू, वर पिक्चर लावून ठेवलाय. पाच मिनिटं तुमच्याकडे बसू का? किती ऐकू येतं ते बघायचंय." त्या म्हणाल्या, "ये की, बस." त्यांच्या हॉलमध्ये संवादातला एक शब्दही येत नव्हता. पण छतातून धप्, धप् असा दाब मात्र सारखा जाणवत होता. काकू म्हणाल्या, "बोलण्याचा काही त्रास नाही गं, पण हे धपधपणं डोक्यात बसतं." ज्यांच्या घराखाली कोणी राहतं त्या प्रत्येकाने हा प्रयोग करावा असं मी मनापासून सांगेन. आपल्या सोफ्यावर बसून याचा अंदाज येत नाही.

यामागचं कारण सरळ आहे. सबवूफरच्या खालच्या सुरांपैकी 40 हर्ट्झच्या आवाजाच्या लहरीची लांबी हवेत साधारण साडेआठ मीटर असते. एवढ्या लांब लहरीला पातळ भिंत किंवा पडदा थोपवू शकत नाही. भिंतीचं वजन दुप्पट केलं तर पलीकडे जाणारा आवाज ढोबळमानाने 5–6 डेसिबलने कमी होतो, म्हणजे केवढं सिमेंट ओतावं लागेल याचा विचार करा. भिंतीला चिकटवायचे फोमचे चौकोन "साउंडप्रूफ" म्हणून विकले जातात, त्यांच्यावर पैसे घालू नका. ते खोलीतला घुमारा कमी करतात आणि त्याने संवाद स्पष्ट होतात, हे खरं आहे. पण शेजाऱ्याकडे जाणारा आवाज त्याने अडत नाही.

सबवूफर जमिनीवर थेट ठेवला की त्याची थरथर स्लॅबमध्ये उतरते. त्याखाली जाड रबरी पाया घातल्यावर फरक पडला, पण पुरता नाही, कारण हवेतून जाणारा भाग राहतोच. शेवटी उपाय सापडला तो सेटिंगमध्ये. बऱ्याच साउंडबारमध्ये "नाइट मोड" असतो. तो मोठे आवाज दाबतो आणि हळू आवाज वर आणतो. पिक्चरमध्ये कुजबुज आणि स्फोट यांच्यातली दरी थिएटरसाठी ठेवलेली असते. घरी त्यामुळे कुजबुज ऐकायला आवाज वाढवायचा आणि स्फोट आला की रिमोट शोधायचा, असं चालतं. नाइट मोड लावल्यापासून ही धावपळ थांबली.

आणखी एक गोष्ट. आवाज कमी ठेवला की आपल्या कानांना खालचे सूर जास्तच फिके वाटतात. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधनसंस्थेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये हे मोजून मांडलं होतं. म्हणून रात्री हळू आवाजात पिक्चर बघताना "बेस वाढवू या" असं हमखास वाटतं, आणि नेमकं तेच खालच्या मजल्यावर पोचतं. आम्ही रात्री सबवूफर बंदच ठेवतो आणि युद्धाचे, अंतराळाचे पिक्चर सुट्टीच्या दुपारी लावतो. दोघांपैकी एकालाच बघायचं असेल तर कान झाकणारे हेडफोन. यात काही गमावल्यासारखं मला अजिबात वाटत नाही. चांगल्या हेडफोनमध्ये पावलांचे, श्वासाचे, लांबच्या रहदारीचे बारीक आवाज साउंडबारपेक्षा कितीतरी छान ऐकू येतात.

स्वयंपाकाचाही आवाज असतो, हे लोक विसरतात. ओट्यावर खलबत्त्यात कुटलं की तो ठोका ओट्यातून भिंतीत आणि भिंतीतून दोन मजले खाली जातो. हवेतून येणाऱ्या आवाजापेक्षा असे ठोके अडवणं फार अवघड, म्हणून ते उगमापाशीच मऊ करावेत. खलबत्त्याखाली घडी घातलेला जाड टॉवेल, मिक्सरखाली रबरी चटई, चिरायच्या पाटाखाली ओलं फडकं आणि जेवणाच्या खुर्च्यांच्या पायांना फेल्टच्या टिकल्या. हा खर्च किरकोळ आहे आणि आमच्या सगळ्या खरेदीत सर्वांत जास्त समाधान यानेच दिलं.

चित्राबद्दल थोडक्यात. प्रोजेक्टरचा मोह होता, पण ओट्यावरचा दिवा लागला की पडद्यावरचा काळा रंग करडा होतो. कोणी चहा करतंय आणि कोणी पिक्चर बघतंय अशा खोलीत टीव्हीच बरा. अंतरासाठी एक हिशोब उपयोगी पडला : टीव्हीच्या कर्णाच्या सुमारे 1.6 पट लांब बसलं की पडदा डोळ्यांसमोर 30 अंशांचा कोन व्यापतो. 65 इंची टीव्हीला हे अंतर साधारण 2.6 मीटर येतं. बॉक्समधून काढल्यावर पहिलं काम म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करणं. पिक्चर सहसा सेकंदाला 24 चित्रांनी दाखवले जातात. त्यांच्यामधली जादा चित्रं टीव्ही स्वतः बनवून घालतो आणि मग चांगला पिक्चरही मालिकेसारखा दिसू लागतो. वरखाली काळ्या पट्ट्या दिसल्या तर ताणून भरू नका. रुंद पिक्चर 2.39:1 आकाराचा असतो, टीव्ही 16:9 असतो, त्यामुळे पट्ट्या येणारच.

आता इंडक्शन. याबाबतीत मी अगदी खूश आहे. काचेखालच्या गुंडाळीत वेगाने उलटसुलट होणारा प्रवाह भांड्याच्या बुडातच उष्णता निर्माण करतो, त्यामुळे साधारण 85 टक्के ऊर्जा भांड्यात जाते. गॅसच्या ज्योतीची बरीचशी उष्णता भांड्याच्या कडेने खोलीत जाते. उघड्या स्वयंपाकघरात हा फरक सोफ्यावर बसूनही कळतो. ज्वलन नाही म्हणून ज्योतीतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड हा अपायकारक वायूही नाही. पण तेल तापलं की धूर होतोच, तेव्हा इंडक्शन असलं तरी चिमणी लागतेच.

घेण्याआधी दोन परीक्षा जरूर कराव्यात. घरातल्या भांड्यांच्या बुडाला लोहचुंबक लावून बघा. घट्ट चिकटलं तर भांडं चालेल, निसटतं चिकटलं तर तापायला वेळ लागेल. दुसरी परीक्षा दुकानात करायची : पातेल्यात पाणी उकळून शेगडी सर्वांत मंद ठेवायला सांगा. पाणी सलग हलकं रटरटलं तर उत्तम. थोडा वेळ खळखळून मग एकदम शांत, पुन्हा खळखळ असं झालं तर ती शेगडी मंद आच देत नाही, पूर्ण जोरावर चालू-बंद होते. दूध आटवणं किंवा कांदा सावकाश परतणं अशा शेगडीवर कठीण जातं. शिवाय थरांच्या बुडाची भांडी पूर्ण जोरावर गुणगुणतात. पिक्चर चालू असताना ती सूं जाणवते. ओतीव लोखंडाचं जड भांडं आणि मध्यम आच ठेवली की ती जवळजवळ नाहीशी होते. चार चुलींची शेगडी घेणार असाल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून फ्लॅटचा मंजूर भार (एका वेळी किती वीज वापरता येते ती मर्यादा) तपासून घ्या आणि तिला स्वतंत्र वायर ओढून घ्या.

पिक्चर बघता बघता स्वयंपाक करणं हे या खोलीचं खरं सुख आहे. झाकण ठेवून मंद आचेवर काहीतरी शिजत असतं, मध्यंतराला उठून ढवळायचं. आम्ही यासाठी स्लो कुकरही वापरतो, पण राजम्याबाबत सावध राहावं. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो. तो घालवायला राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात किमान 10 मिनिटं, खरं तर अर्धा तास, चांगला खळखळून उकळावा लागतो. स्लो कुकरची आच तेवढी चढत नाही, म्हणून आधी उकळून मगच त्यात घालते. दुसरं म्हणजे शिजलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि बरेच पिक्चर नेमके तेवढेच लांब असतात. आमच्याकडे नियम आहे की पिक्चर सुरू करण्याआधी उरलेलं फ्रिजमध्ये. भाताला तर नक्कीच, त्यातले जिवाणूंचे बीजाणू शिजूनही टिकतात आणि भात तसाच राहिला की वाढतात. उथळ भांड्यात पसरून ठेवला की लवकर निवतो.

शेवटी चिमणी, आणि इथे मालकीचा अर्थ नीट समजतो. फ्लॅटचा मालक आतल्या जागेचा मालक असतो. स्लॅब, बाहेरची भिंत, उभे पाइप, गच्ची हे सगळ्यांचं सामाईक. म्हणजे बाहेरच्या भिंतीला भोक पाडायचं तर सोसायटीची परवानगी हवी. म्हणून आम्ही आधी हवा गाळून खोलीतच परत सोडणारी चिमणी बसवली. तिची धातूची जाळी तेलकटपणा पकडते, कोळशाचा फिल्टर वास थोडाफार शोषतो, पण वाफ खोलीतच राहते. कोळसा काही महिन्यांत भरतो आणि मग वासही राहतो. मासे तळले की दुसऱ्या दिवशी सोफ्याच्या कापडाला वास, आणि रात्री तिथेच पिक्चर बघायचा. ही पद्धत उघड्या स्वयंपाकघरासाठी मी कुणालाही सुचवणार नाही.

परवानगी मिळाल्यावर तोच संच पाइपने बाहेर जोडला आणि घर बदललं. मागच्या चुलीवर तळलं तर धूर चिमणीच्या तोंडात सरळ जातो, पुढच्या चुलीवरचा निसटतो. आच पेटवण्याआधी चिमणी सुरू करायची आणि स्वयंपाक झाल्यावर आणखी पंधरा मिनिटं चालू ठेवायची. बाहेर जाणाऱ्या हवेच्या जागी आत हवा यायला हवी. सगळ्या खिडक्या बंद असतील तर चिमणी दाराच्या फटीतून जिन्यातली हवा ओढते. समोरची खिडकी वीतभर उघडली की हा प्रश्न मिटतो.

परवानगीचा अर्ज करणाऱ्यांनी सोसायटीच्या समितीला नुसतं तोंडी विचारू नये. आम्ही अर्जासोबत भिंतीचं मोजमाप टाकलेलं रेखाचित्र, पाइपचा व्यास, पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून बाहेरच्या बाजूला दिलेला उतार, हवा उलटी येऊ नये यासाठीची झडप आणि बाहेरचं तोंड शेजारच्या कुठल्याही खिडकीखाली येत नाही हे दाखवणारा फोटो जोडला होता. भोक पाडताना आतली सळई कापली जाणार नाही, असं काम करणाऱ्याकडून लेखी घेतलं. पाइप आखूड आणि सरळ ठेवा, प्रत्येक वळणाने ओढ कमी होते. आणि पाइपचा व्यास चिमणीच्या तोंडापेक्षा लहान करायला कारागीर सुचवेल, त्याला नाही म्हणा.