विश्वासणाऱ्याचं तारण जाऊ शकतं का? दावीदावर पारखलेली पाच मतं

तारण म्हणजे पापापासून सुटका. ते मिळाल्यावर जाऊ शकतं का, या प्रश्नावर बायबलच्या वचनांची फेकाफेक फार लवकर सुरू होते. एकाने योहान 10:28 काढायचं ('त्यांचा कधीही नाश होणार नाही'), दुसऱ्याने इब्री 6:4 (पतित झालेल्यांना परत आणणं अशक्य), आणि तासाभराने दोघंही होते तिथेच. त्यापेक्षा एकच प्रसंग घ्यावा आणि प्रत्येक मताकडून त्यावर उत्तर मागावं. प्रसंग 2 शमुवेल 11 मधला. इस्राएलचा राजा दावीद बथशेबेला बोलावून घेतो, ती गरोदर राहते, आणि तिच्या नवऱ्याला, उरीयाला, तो लढाईच्या तोंडावर ठेवून मारवतो. नाथान संदेष्टा येतो तो पुढच्या अध्यायात, मूल जन्मल्यानंतर. म्हणजे मधले कित्येक महिने व्यभिचार आणि खून पचवून दावीद राज्य करतोय आणि पश्चात्तापाचा पत्ता नाही. त्या महिन्यांत तो मेला असता तर?

पाच उत्तरं

*कॅल्व्हिनवादी* म्हणतात, दावीद हरवला नव्हता. हॉलंडमधल्या डॉर्टच्या सभेने (1618–19), जिथे हे मत लेखी ठरलं, आपल्या पाचव्या प्रकरणात दावीद आणि येशूला नाकारणारा पेत्र या दोघांचीही नावं घेतली आहेत. अशा पापाने पवित्र आत्मा दुःखी होतो, विश्वास थंडावतो, विवेक घायाळ होतो, देवाच्या कृपेची जाणीवही काही काळ जाते. पण देव आपला आत्मा पूर्णपणे काढून घेत नाही. नव्या जन्माचं बी आत शाबूत राहतं आणि देव त्या माणसाला पश्चात्तापाकडे परत आणतोच. 'त्या महिन्यांत मेला असता तर' या प्रश्नाला त्यांचं उत्तर असं की देवाने ते होऊच दिलं नसतं. नाथानला पाठवणं हेच ते राखणं. मग जो कायमचा निघून जातो त्याचं काय? तो मुळात आपल्यातला नव्हताच, 1 योहान 2:19.

*लुथरन* उत्तर बरोबर उलटं, आणि तेही दावीदावरच. ल्यूथरने 1537 मध्ये श्माल्काल्डचे लेख या आपल्या विश्वासाच्या कलमांत स्पष्ट लिहिलं की दावीदासारखे पवित्र जन उघड पापात पडतात तेव्हा विश्वास आणि आत्मा त्यांच्यातून निघून गेलेला असतो. त्याआधी 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबाच्या, म्हणजे लुथरन मंडळ्यांच्या मूळ विश्वासपत्रकाच्या, 12व्या कलमानेही, एकदा नीतिमान ठरलेले पवित्र आत्मा गमावू शकत नाहीत असं म्हणणाऱ्यांचा निषेध केला होता. तेव्हा 'प्रॉटेस्टंट म्हणजे तारण जात नाही' असं कुणी सरसकट सांगत असेल तर त्याने ही दोन पानं वाचलेली नाहीत.

*कॅथलिक* उत्तर ल्यूथरच्या जवळचं वाटतं, पण एक फरक महत्त्वाचा आहे. ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने 1547 मध्ये म्हटलं की नीतिमान ठरवणारी कृपा केवळ अविश्वासाने जाते असं नाही, प्रत्येक प्राणघातक पापाने जाते. विश्वास मात्र तरीही शिल्लक राहू शकतो. म्हणजे दावीदाचा देवावर विश्वास असेल, पण तो मृत विश्वास. पाप प्राणघातक ठरायला तीन गोष्टी एकत्र लागतात: विषय गंभीर, पूर्ण जाणीव, आणि स्वेच्छेने दिलेली संमती. दावीदाकडे तिन्ही होत्या. परतीची वाट प्रायश्चित्ताच्या संस्कारातून, म्हणजे याजकापुढच्या पापकबुलीतून जाते.

*वेस्लियन आणि आर्मिनियन* उत्तर सगळ्यांत बारकाईने मांडलेलं आहे. मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक जॉन वेस्ली याने दावीदाच्या घसरणीच्या पायऱ्या पाडून दाखवल्या. मोह येतो, आत्मा सावध करतो, माणूस थोडासा ढिला पडतो, आत्मा दुःखी होतो, विश्वास अशक्त होतो, प्रीती निवते. आत्मा अधिक कडक शब्दांत टोकतो, माणूस तोंड फिरवतो, वासना पसरत जाऊन विश्वास आणि प्रीती दोन्ही विझतात, आणि *मग* उघड पाप घडतं. क्रम नीट पाहा. उघड पापाने विश्वास जातो असं तो म्हणत नाही. विश्वास आधी जातो आणि उघड पाप मागून येतं. हे मत मानणाऱ्या मंडळीत घसरलेल्याला सावरायची वेळ 'काय केलंस' विचारण्याच्या कितीतरी आधी येते, प्रार्थना कोरडी पडते तेव्हा.

पाचवं उत्तर *'एकदा तारण, कायमचं तारण'* या नावाने फिरतं. दावीदाच्या तारणाला काहीच झालं नाही. गेली ती देवाशी सहभागिता आणि बक्षीस. या मताची टोकाची शाखा म्हणते की एखाद्याने पुढे विश्वासच नाकारला तरी तो तारलेलाच राहतो. आधार 1 करिंथ 3:15, काम जळून जातं पण माणूस अग्नीतून वाचतो, आणि 2 तीमथ्य 2:13, आपण अविश्वासू झालो तरी तो विश्वासू राहतो.

यावर एक आक्षेप रास्त आहे. दावीद जुन्या करारातला. स्तोत्र 51:11 मध्ये तो 'तुझा पवित्र आत्मा माझ्यातून काढून घेऊ नको' अशी विनवणी करतो, पण तिथे त्याच्या डोळ्यांपुढे आधीचा राजा शौल असू शकतो, ज्याच्यातून आत्मा निघून गेला (1 शमुवेल 16:14) आणि त्यासोबत राज्याभिषेकाचं सामर्थ्यही. तेव्हा या एका ओळीवर कुठल्याच बाजूने इमला उभारू नये. प्रसंग मात्र कसोटी म्हणून पक्का आहे.

| मत | तारण जातं का, कशाने | परत मिळतं का | खात्री कशावर |
|---|---|---|---|
| कॅल्व्हिनवादी | नाही | प्रश्न येत नाही. पडलेला परत आणला जातो | देवाची निवड, जीवनातली फळं |
| लुथरन | हो. विश्वास गेला की | हो | वचन, बाप्तिस्मा, प्रभुभोजन |
| कॅथलिक | हो. प्राणघातक पापाने | हो, प्रायश्चित्ताच्या संस्काराने | आशा आहे. खास प्रकटीकरणाशिवाय शेवटाची पूर्ण खात्री नाही |
| वेस्लियन, आर्मिनियन | हो. विश्वास सोडल्याने | बहुतेक म्हणतात हो. काही म्हणतात पूर्ण धर्मत्यागानंतर नाही | आत्म्याची आजची साक्ष |
| एकदा तारण, कायमचं | नाही, काहीही केलं तरी | प्रश्न येत नाही | विश्वास ठेवला तो क्षण |

आर्मिनियस या डच धर्मशास्त्रज्ञाच्या नावाबद्दल एक खुलासा. तो 1609 मध्ये वारला. त्याच्या अनुयायांनी 1610 मध्ये पाच कलमं मांडली, त्यांतल्या पाचव्या कलमात त्यांनी हा प्रश्न शास्त्रातून आणखी तपासायला हवा असं म्हणून सोडून दिला होता. 'जाऊ शकतं' हे ठाम उत्तर नंतरचं.

वचनं कुठे ताणली जातात

इब्री 6:4-6 हा 'जात नाही' म्हणणाऱ्यांचा अवघड पेपर. प्रकाश मिळालेले, स्वर्गीय दानाची रुची घेतलेले, पवित्र आत्म्याचे भागीदार झालेले लोक पतित झाले तर त्यांना पश्चात्तापाकडे आणणं अशक्य. नेहमीचं उत्तर असं की त्यांनी नुसती चव घेतली, खाल्लं नाही. हे उत्तर टिकत नाही. त्याच पत्रात 2:9 मध्ये येशूने प्रत्येकासाठी मरणाचा अनुभव घेतला असं आहे, तिथे मूळ ग्रीकमध्ये हेच 'चव घेणे' क्रियापद आहे, आणि येशू मरणाची नुसती चव घेऊन उठला असं कुणी म्हणत नाही. 'प्रकाश मिळालेले' हा शब्द 10:32 मध्ये सरळ खऱ्या विश्वासणाऱ्यांसाठी वापरलाय. 'हे फक्त जर-तरचं बोलणं' हेही लंगडं, कारण 6:6 च्या ग्रीकमध्ये 'जर' हा शब्दच नाही.

कॅल्व्हिनवाद्यांचं खरं जोरदार उत्तर वेगळं आहे आणि ते प्रेषितांच्या कृत्यांत 27व्या अध्यायात सापडतं. वादळात सापडलेल्या तारवावर 276 माणसं. देवाच्या दूताने पौलाला सांगितलंय की यातलं कुणीही मरणार नाही. तरी खलाशी नांगर टाकायचं निमित्त करून होडी पाण्यात सोडून पळू लागतात तेव्हा पौल शताधिपतीला सांगतो, हे तारवात राहिले नाहीत तर तुमचा बचाव होणार नाही. शिपाई होडीचे दोर कापतात आणि सगळे सुखरूप काठाला लागतात. अभिवचन पक्कं होतं, इशाराही खरा होता, आणि इशारा ऐकूनच अभिवचन पुरं झालं. इब्रीतले इशारे असेच घ्यावेत, असं हे म्हणणं. पटो न पटो, यात इशाऱ्याची धार बोथट होत नाही, आणि पाचव्या मताला नेमकं हेच जमत नाही.

आता दुसरी बाजू. योहान 10:28-29 वर 'कुणी हिसकावून घेऊ शकत नाही, पण मेंढरू स्वतः उडी मारू शकतं' असं उत्तर दिलं जातं. ऐकायला चपखल आहे, पण वचन हिसकावण्यावर थांबत नाही. 'त्यांचा कधीही नाश होणार नाही' हे वाक्य त्याच्या आधीच आहे, ग्रीकमध्ये दुहेरी नकार देऊन. उडी मारलेलं मेंढरू नाश पावलंच ना? त्यापेक्षा 27व्या वचनावर बोट ठेवणं योग्य: ऐकतात, मागे येतात, ही चालू क्रिया आहे आणि अभिवचन तिच्याशी जोडलेलं आहे. शिवाय योहान 15:6 मध्ये वेलातच असलेला फाटा बाहेर टाकला जातो, आणि रोम 11:22 मध्ये 'टिकून राहिलास तर' ही अट आहे. रोम 8:30 ची साखळी मात्र कुठेच तुटत नाही: बोलावलेले, नीतिमान ठरवलेले, गौरवलेले, मधे कुणीही गळत नाही. आर्मिनियन लोक ती व्यक्तीऐवजी मंडळीला लावतात. हे उत्तर शक्य आहे, पण मला ते ओढून आणलेलं वाटतं.

मराठी वाचकाला इफिस 1:14 वेगळं समजावावं लागत नाही. आत्मा हा वतनाचा *विसार* आहे. विसार देतो विकत घेणारा, आणि त्याने व्यवहार मोडला तर विसार त्याचाच बुडतो. इथे विसार देणारा देव आहे. देव व्यवहार मोडणार नाही, इतकं या शब्दात निश्चित आहे. दुसऱ्या पक्षाला मोडता येतो का, यावर विसार हा शब्द गप्प आहे, आणि भांडण तेवढ्यावरच उरतं.

इब्री 6 मधलं 'अशक्य' कुणालाच सोयीचं नाही

तारण जातं असं शिकवणाऱ्या कितीतरी मंडळ्या या वचनाचा पहिला अर्धा भाग वाचतात, आणि सभेच्या शेवटी पडलेल्यांना पुढे बोलावतात. वचन शब्दशः घेतलं तर गेलेला परत येणं *अशक्य* आहे. एक अर्धा घ्यायचा आणि दुसरा सोडायचा हे चालत नाही. काही जण 6:6 मधल्या क्रियेचा अर्थ 'ते देवाच्या पुत्राला पुन्हा वधस्तंभावर देत आहेत *तोवर*' असा घेतात. व्याकरणात ते बसतं. मग पेत्राचं परतणं, लूक 15 मधला घर सोडून परतलेला धाकटा मुलगा आणि भटकलेल्याला परत आणण्याबद्दलचं याकोब 5:19-20 यांच्याशी मेळ लागतो.

हा प्रश्न कागदावरचा नव्हता. 250 मध्ये रोमन सम्राट डेशियसने सर्वांना देवतांपुढे यज्ञ करायला लावला आणि केल्याचा दाखला घ्यायला लावला. कित्येक ख्रिस्ती लोकांनी यज्ञ केला. काहींनी पैसे देऊन नुसता दाखला मिळवला. छळ ओसरल्यावर हे लोक मंडळीच्या दारात आले. रोममध्ये नोव्हेशियन या धर्मगुरूने त्यांना परत घ्यायला नकार दिला आणि 251 मध्ये वेगळा गट झाला. कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि रोमचा बिशप कॉर्नेलियस यांनी प्रायश्चित्तानंतर दार उघडलं, आणि यज्ञ केलेला आणि दाखला विकत घेतलेला यांना एकाच मापाने मोजलं नाही.

निवड करताना

शेवटाचं उत्तर बहुधा सुरुवातीच्या उत्तरातच ठरलेलं असतं. बाप्तिस्म्यात नवा जन्म होतो असं मानलं, तर तारण जाऊ शकतं हे मानावंच लागतं, कारण बाप्तिस्मा घेतलेले सगळेच टिकत नाहीत. देवाची निवड विनाअट आहे आणि नवा जन्म फक्त निवडलेल्यांनाच मिळतो असं मानलं, तर ते जाऊ शकत नाही. येणं माणसाच्या होकारावर आहे असं मानलं, तर जाणंही त्याच्या हातात असायला हवं; पुष्कळ बॅप्टिस्ट इथे येणं मोकळं आणि जाणं बंद ठेवतात, आणि हा सांधा त्यांना वेगळा पटवून द्यावा लागतो. पाचव्या शतकातला चर्चचा विचारवंत ऑगस्टीन या चौकटीत बसत नाही: त्याच्या मते नवा जन्म झालेले काही जण पडतात, कारण शेवटपर्यंत टिकणं हे वेगळं दान आहे. तेव्हा आधी नवा जन्म कसा होतो ते ठरवा, मग या प्रश्नाकडे या. उलट्या क्रमाने आलात तर वचनं मोजत बसाल.

प्रत्येक मत कुठे बिघडतं तेही पाहा. कॅल्व्हिनवादी मताचा रोगी स्वतःची फळं तपासत राहतो: मी खरंच निवडलेला आहे ना? वेस्ट्मिन्स्टरच्या कबुलीजबाबाने (1646, इंग्लंडमधलं कॅल्व्हिनवादी विश्वासपत्रक) म्हणूनच टिकून राहणं आणि खात्री यांना 17 आणि 18 अशी दोन वेगळी प्रकरणं दिली. तारण शाबूत असून खात्री डळमळू शकते. वेस्लियन मताचा रोगी दर रविवारी नव्याने तारला जातो. कॅथलिक बाजूला तो प्रत्येक विचार प्राणघातक होता का ते चाचपतो. पाचव्या मताचा रोगी मात्र बहुधा येतच नाही, कारण त्याला काही दुखत नाही. मला हेच मत सगळ्यांत धोक्याचं वाटतं: मत्तय 7:21-23 मध्ये 'प्रभू, प्रभू' म्हणूनही येशूने नाकारलेले लोकही निश्चिंतच होते.

एखाद्या मंडळीत सामील व्हायचं ठरवत असाल तर विश्वासाच्या कलमांचा कागद मागण्याआधी पाळकांना एक प्रश्न विचारा: दहा वर्षं सेवा करून, मग पाच वर्षं विश्वास सोडून परत आलेल्याला तुम्ही काय म्हणाल, आणि त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्याल का? कॅथलिक आणि लुथरन देणार नाहीत. ते त्याला पापकबुली आणि क्षमेच्या शब्दाकडे नेतील. काही बॅप्टिस्ट देतील, कारण त्यांच्या हिशोबाने पहिला बाप्तिस्मा अविश्वासणाऱ्याचा होता. कुणी म्हणेल 'तू मुलगाच होतास, दूर गेला होतास', कुणी म्हणेल 'तू मेला होतास, जिवंत झालास'. लूक 15:24 मध्ये बाप दुसरं वाक्य बोलतो, आणि त्याच दमात त्याला 'माझा मुलगा' म्हणतो.