सायकोपाय: मराठी स्ट्रूपसाठी उत्तम, फक्त शब्द चित्ररूपात द्या

स्ट्रूप प्रयोगात रंगाचं नाव छापलेलं असतं आणि शब्द न वाचता त्याच्या शाईचा रंग सांगायचा असतो. कार्डं आणि स्टॉपवॉच घेऊन तो केला तर एका कार्डामागे एकच आकडा हाती येतो, तो म्हणजे लागलेला एकूण वेळ. प्रयुक्त, म्हणजे प्रयोगात भाग घेणारा, कुठल्या शब्दावर अडखळला, कुठे चुकला, हे जर्नलमध्ये उतरतच नाही. नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या जोनाथन पिअर्स यांनी सुरू केलेलं सायकोपाय हे सॉफ्टवेअर प्रत्येक ट्रायलचा, म्हणजे दाखवलेल्या एकेका शब्दाचा, प्रतिक्रियाकाळ आणि अचूकता वेगळी नोंदवून सीएसव्ही फाइल देतं, तेही पूर्ण मोफत. पुण्यातल्या एम.ए.च्या प्रात्यक्षिकासाठी याहून चांगलं साधन सुचवता येणार नाही.

मराठीत मात्र एक अडचण आहे. मजकूर म्हणून टाकलेली देवनागरी काही संगणकांवर मोडते आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडते. आपले रंग बघा: हिरवा, निळा, पिवळा, तिन्हींत पहिलीच वेलांटी! लाल तेवढा सुटतो. म्हणून 4 शब्द गुणिले 4 रंग अशी 16 पीएनजी चित्रं एकाच आकाराच्या अक्षरांत करून घ्यावीत.

बिल्डर या सायकोपायच्या खिडकीत प्रयोग जुळवताना कोड लिहावा लागत नाही. एक्सेलच्या फाइलमध्ये चित्राचं नाव, बरोबर कळ आणि स्थिती असे तीन रकाने पुरतात. शीर्षकं रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता. खरी चूक पुढे होते. 16 जोड्यांत सुसंगत (शब्द आणि रंग एकच) फक्त 4 आणि विसंगत (दोन्ही वेगळे) 12. तशाच चालवल्या तर विसंगत शब्द इतक्यांदा येतात की प्रयुक्त त्यांच्या तयारीतच बसतो आणि स्ट्रूप परिणाम, म्हणजे विसंगत शब्दांना लागणारा जास्तीचा वेळ, घटतो. सुसंगत ओळी तीन-तीनदा लिहून 24 ओळी कराव्यात, 4 फेऱ्या द्याव्यात, म्हणजे 96 ट्रायल. या ओळी फिरवणाऱ्या लूपला ‘रँडम’ ठेवावं, ‘फुलरँडम’ नको. पहिल्यात प्रत्येक फेरीत 24 ओळी एकेकदा येतात, त्यामुळे सराव आणि थकवा दोन्ही स्थितींना सारखाच वाटला जातो. दुसऱ्यात सगळ्या 96 एकत्र पिसल्या जातात.

बिल्डरमधल्या चित्राच्या रकान्यात डॉलरचं चिन्ह घालून ‘सेट एव्हरी रिपीट’ निवडायचं राहिलं, तर प्रयोग सुरूच होत नाही. उत्तर बरोबर की चूक हे नोंदवणाऱ्या ‘स्टोअर करेक्ट’वर खूण करायची राहिली तर नुकसान जास्त, कारण प्रयोग सुरळीत चालतो आणि अचूकता नोंदलीच जात नाही. आधी स्वतःवर 12 ट्रायल चालवून फाइल उघडून बघावी.

60 हर्ट्झच्या पडद्यावर एक फ्रेम 16.7 मिलिसेकंदांची असते, म्हणून शब्दाआधी नजर स्थिर करायला दाखवायचं 250 मिलिसेकंदांचं फुलीचिन्ह 15 फ्रेममध्ये द्यावं. साध्या कीबोर्डमुळे थोडा उशीर होतो, पण तो दोन्ही स्थितींत सारखाच असल्याने सरासरींच्या फरकात वजा होतो. दोन गट वेगवेगळ्या संगणकांवर बसवले तर तो असा वजा होत नाही.

सॉफ्टवेअर जे सांभाळू शकत नाही ते शाळेचं माध्यम. पुण्याच्या एकाच बॅचमध्ये मराठी आणि इंग्रजी माध्यमाची मुलं असतात. देवनागरी सावकाश वाचणाऱ्याला शब्दाचा अडथळा कमी होतो आणि निष्कर्ष फसवा निघतो. सुरुवातीच्या माहितीच्या चौकटीत माध्यमाचा रकाना घालावाच, शिवाय लाल-हिरवा ओळखता येतो का तेही विचारावं.

ऑनलाइन चालवायचं तर पाव्हलोव्हिया या सायकोपायशी जोडलेल्या संकेतस्थळावर शुल्क पडतं. बॅचच्या प्रात्यक्षिकाला त्याची गरज नाही, लॅबमधल्या संगणकांवर ऑफलाइन काम उत्तम होतं.