स्टँडर्ड हेरॉल्ड उघडी, इंजिन जिप्सीचं: वापरानंतरचा अनुभव

१९६१ पासून मद्रासला तयार झालेली स्टँडर्ड हेरॉल्ड म्हणजे मूळची ट्रायम्फ हेरॉल्ड. चासी वेगळी, बॉडी तुकड्यातुकड्यांत बोल्टांनी जोडलेली. टपही बोल्टांवरच असतो. त्यामुळे आपल्याकडची उघडी हेरॉल्ड पुष्कळदा मूळची टपाचीच निघते. मूळ इंजिन ९४८ सीसीचं, एका कार्बोरेटरवर जेमतेम ३५ बीएचपी. त्या जागी मारुती जिप्सी किंगचं १२९८ सीसी एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवर चालणारं, जी-१३बीबी, ८० बीएचपी) त्याच्याच पाच गिअरच्या बॉक्ससह बसवलं आहे. एक पावसाळा आणि एक उन्हाळा गाडी रोजच्या वापरात राहिली, त्यावरून हे लिहितोय.

जिप्सीचंच इंजिन का? एक तर ते उभं, लांबीत बसणारं आहे आणि मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या बॉक्ससह मिळतं. दुसरं, जिप्सीचा ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) गिअरबॉक्सला चिकटलेला नसतो, मध्ये छोटा शाफ्ट असतो. तो केस काढून टाकला की बॉक्सच्या शेपटीला सरळ प्रोपेलर (मागच्या चाकांकडे ताकद नेणारा लांब शाफ्ट) जोडता येतो. शिवाय ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, त्यामुळे जुन्या बिडाच्या इंजिनापेक्षा पुढचा भार कमीच होतो. ईकोचं इंजिन स्वस्त पडतं, पण ते सीटखाली आडवं झुकवून बसवलेलं असतं. उभं करायचं तर खालच्या ऑइलच्या चेंबरपासून सगळं बदलावं लागतं. त्या वाटेला जाऊ नये.

इंजिन बसवणं हे खरं तर या कामातलं सोपं प्रकरण. वेळ आणि पैसा खाते ती चासी. आऊटरिगर, म्हणजे बॉडी पेलणारे बाजूचे हात, आतून कुजतात आणि वरून रंग ठणठणीत दिसतो. स्क्रूड्रायव्हर ठोकून पाहिल्याशिवाय भरवसा नाही. ते बदलताना बॉडी चासीवरच ठेवायची आणि दोन्ही दारांच्या चौकटीत २५ मिमीचा चौकोनी पाइप आडवा वेल्ड करून ठेवायचा. टप नसलेल्या गाडीत हे टाळलं, तर काम संपल्यावर दार मागच्या बाजूला घासतं आणि मग कितीही बिजागरी वाकवा, फट सारखी होत नाही. डेंटरकडे पुट्टी भरून फट 'काढून' देण्याची तयारी असते. ती घेऊ नका, पहिल्या खड्ड्यात तडा जातो.

माउंटिंग टाकताना एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. हेरॉल्डचा डिफरेन्शियल, म्हणजे मागच्या चाकांमधला गिअरचा गोळा, चासीलाच बोल्ट केलेला आहे, तो चाकांबरोबर वरखाली होत नाही. म्हणजे प्रोपेलरचा कोन एकदा ठरला की कायमचा. बॉक्सची शेपटी आणि पिनियन (डिफरेन्शियलचा पुढचा दांडा) एकमेकांना समांतर हवेत, अंश-दीड अंशाच्या आत. आमच्याकडे पहिल्यांदा ७० च्या पुढे सीटखाली घरघर येत होती. क्रॉस (प्रोपेलरचे सांधे) बदलून, प्रोपेलर बॅलन्स करून काही झालं नाही. बॉक्सच्या माउंटिंगखाली ६ मिमीची पट्टी टाकली आणि थांबली.

क्लचचा घोळ वेगळा. हेरॉल्डचा क्लच तेलावर चालतो, जिप्सीचा केबलवर. पेडल आणि मास्टर सिलिंडर मूळचेच ठेवून बॉक्सच्या बाजूला ब्रॅकेटवर तेलाच्या दाबाने क्लच ढकलणारा स्लेव्ह सिलिंडर लावला. ब्रॅकेट निदान ५ मिमी पत्र्याचं हवं, नाहीतर पेडल दाबल्यावर तेच वाकतं आणि पहिला गिअर कर्रकन पडतो.

स्पीडोमीटरची केबल जिप्सीत ट्रान्सफर केसवर असते. केस गेला की काटाही गेला. मूळच्या डायलमागे जीपीएसवर चालणारी मोटर बसवून मिळते, तोच बरा उपाय.

पेट्रोलला अडीच ते तीन बार दाब लागतो. डिकीतली जुनी टाकी अर्धी झाली की वळणावर पंप हवा ओढतो. मध्ये लिटरभराची छोटी टाकी आणि परतीची लाइन टाकायलाच हवी. ईसीयू (इंजिन सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) डॅशखाली, शक्य तितका वर. कापडी हूड कितीही चांगलं शिवलं तरी काचेच्या कोपऱ्यातून पाणी येतं आणि थेट पायाशी उतरतं. वायरिंग जुनं पॉझिटिव्ह अर्थचं (बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेलं) असेल, तर आधी सगळी गाडी निगेटिव्हवर आणा, डायनामो काढून ऑल्टर्नेटर लावा, मगच ईसीयूची लाइन जोडा.

चालवायला कशी? डिफरेन्शियल ४.५५ चा (प्रोपेलरच्या ४.५५ फेऱ्यांना चाकाची एक) असेल तर पहिला गिअर जवळपास निरुपयोगी. इंजिनाच्या मिनिटाला ३००० फेऱ्यांना ताशी २० किलोमीटर सुद्धा होत नाहीत, दुसऱ्यात उठवली तरी चालतं. पाचव्यात तेवढ्याच फेऱ्यांना ८५ च्या आसपास. हेरॉल्ड १२०० चा ४.११ चा क्राउन-पिनियन (डिफरेन्शियलमधली गिअरची जोडी) मिळाला तर ९५ पर्यंत जाते आणि इंजिन शांत राहतं. महामार्गावर लिटरला १४-१५ किलोमीटर.

मागचं सस्पेन्शन मात्र ८० बीएचपीसाठी नाही. आडवा पाटा आणि आतल्या टोकालाच सांधा असलेला स्विंग अ‍ॅक्सल. वळणात मध्येच अ‍ॅक्सिलरेटर सोडला की मागचं बाहेरचं चाक आत दुमडतं आणि शेपटी निसटते. पसरणीच्या घाटात हे ओल्या रस्त्यावर ४० लाही जाणवतं. पाटा थोडा खाली घेऊन चाकं किंचित आत झुकलेली ठेवली, तर बराच फरक पडतो. बाकी वळणापूर्वी वेग कमी करा, वळणात नको. मागचा हब काढायला खास पुलर लागतो. हातोड्याने काढणाऱ्याकडे गाडी देऊ नका, शाफ्ट वाकतो.

पुढच्या ट्रनियनमध्ये (चाक ज्यावर वळतं तो खालचा आट्यांचा सांधा) ग्रीस नव्हे, ईपी ९० गिअर ऑइल. ग्रीस खालच्या आट्यांपर्यंत पोचत नाही, त्या झिजून गंजतात आणि एक दिवस चाक आडवं पडतं. ब्रेक चारही ड्रम असतील तर पुढे डिस्क बसवल्याशिवाय हे इंजिन टाकूच नये. त्यासाठी ट्रायम्फ स्पिटफायरचे सुटे भाग ब्रिटनमधून अजून नवे मिळतात.

कागदांचं आधी बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते आणि आरसीवर नोंद हवी. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांपुढच्या गाडीला मिळणारी व्हिंटेज नोंदणी हवी असेल, तर इंजिन मूळच्यासारखंच असायला लागतं. ९४८ चा क्रँक शाबूत असेल, तर तो विचार जरूर करावा.

जुनी जिप्सी इंजिनासाठी विकत घेताना सुटं इंजिन घेऊ नका. बॉक्स, फ्लायव्हील, सेल्फ, ईसीयू, डॅशपर्यंतचं न कापलेलं वायरिंग आणि बॉक्स ते ट्रान्सफर केसमधला तो छोटा शाफ्ट, एवढं एकाच गाडीचं मागा. भंगारवाला शाफ्ट बाजूला ठेवतो, आणि नव्या प्रोपेलरसाठी लेथवाल्याला त्याचाच फ्लँज लागतो.