सोलर गेटलाइट: दिवाळी ते गणपती वापरून काय कळलं

दिवाळीत गावी गेलो तेव्हा चिपळूणजवळच्या आमच्या घराच्या गेटला एक सोलर लाइट लावला, ६ व्होल्टचं पॅनल, आत १८६५० साइजचा (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब) एकच रिचार्जेबल सेल, अंधार पडला की आपोआप लागतो. लावल्या दिवसापासूनच नाटकं. संध्याकाळी लागायचा, विझायचा, परत लागायचा. आबा म्हणाले पीस खराब आलाय, परत कर. पण खरं म्हणजे ह्यात वेगळा सेन्सर नसतोच, पॅनलच सेन्सर, त्याचं व्होल्टेज पडलं की सर्किट समजतं रात्र झाली, आणि आमच्या लाइटचाच उजेड पांढऱ्या गडग्यावरून उलटा पॅनलवर येत होता, म्हणजे ह्याने लाइट लावला की ह्यालाच वाटायचं उजाडलं. पॅनल फिरवून कौलांकडे केलं, विषय संपला.

मग मे पर्यंत मस्त चालला, पार पहाटेपर्यंत.

जुलैत आबांचा फोन, लाइट दिवसा पेटतोय आणि रात्री बंद. मी म्हटलं पाऊस आहे, चार्ज होत नसेल. चूक माझीच, कारण नुसता चार्ज कमी असता तर दिवसा कशाला लागला असता? गणपतीला गेलो तेव्हा मल्टिमीटर घेऊन बसलो. दुपारी ऊन आलं तेव्हा पॅनलच्या टोकांवर ६.४ व्होल्ट आणि आतल्या सर्किट बोर्डावर शून्य! मागचं झाकण काढलं तर वायर हिरवी पडून जॉइंटपाशी तुटलेली, हात लावला तर हातातच आली. वायर तुटली म्हणजे बोर्डाच्या दृष्टीने चोवीस तास रात्र, चार्जिंग काही नाही आणि असेल नसेल ती बॅटरी दिवसाच जाळून टाकायची. नवीन वायर सोल्डर केली, पाणी जाऊ नये म्हणून वायरच्या भोकाला सिलिकॉन भरलं. कंपनीने तेवढं सिलिकॉन आधीच भरलं असतं तर?

तरी रात्री नऊला बंदच. सेल मेला होता, इतके दिवस रिकामा पडून. बाजारात गेलो, दुकानदार म्हणाला हाच बसतो, घेऊन जा. बसला बरोबर, पण जुन्यावर ३.२ व्होल्ट लिहिलेलं आणि हा ३.७ वाला, साइज तीच पण लिथियम सेलचा प्रकार वेगळा. लाइटमधलं चार्जिंग ३.६ व्होल्टच्या आसपास थांबतं आणि ह्याला फुल व्हायला ४.२ लागतात, म्हणजे अर्धासुद्धा भरेना. उलटं करू नका हं, ३.७ वाल्या लाइटमधे ३.२ चा टाकला तर ओव्हरचार्ज होईल. शेवटी ३.२ चा मुंबईहून पाठवला, भावाने टाकला, आता पहाटे चारपर्यंत जातो.

तुमचा दिवसा पेटत असेल तर बॅटरी नंतर, आधी पॅनलची वायर बघा. पॅनलवर गोणपाट टाकून काढून बघायचं, काहीच फरक पडला नाही तर तिथेच गडबड.

पाचपैकी तीन देईन. उजेडाला चार होते, एक त्या सिलिकॉनसाठी कापला.